उडीआधीची वीस मिनिटे

बास्केटबॉल खेळणाऱ्यांच्या पायांतील स्फोटक ताकदीचा विषय निघाला, की चर्चा बहुतेक वेळा व्यायामशाळेतील वजनांकडे आणि बॉक्सवरच्या उड्यांकडे वळते. सामन्यापूर्वीच्या वॉर्मअपचा विचार दुखापत टाळण्यापुरता होतो आणि तेवढ्यावर थांबतो. मी पुण्यातील एका क्लबच्या महिला संघात गार्ड (चेंडू खेळवत पुढे नेणारी खेळाडू) म्हणून खेळते. गेल्या हंगामात आमच्या संघाने वॉर्मअपची मांडणी मुळापासून बदलली. वर्षभर कमावलेल्या ताकदीपैकी किती ताकद पहिल्या रिबाउंडच्या (रिंगवरून उसळलेला चेंडू उडी मारून पकडण्याच्या) वेळी खरोखर पायांत उतरते, हे मोठ्या प्रमाणात त्याआधीच्या पंधरा-वीस मिनिटांत ठरते, असे आता माझे ठाम मत झाले आहे. म्हणूनच हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

आमची पूर्वीची पद्धत पुण्यातील कोणत्याही कोर्टावर संध्याकाळी पाहायला मिळेल अशीच होती. कोर्टाभोवती संथ फेऱ्या मारायच्या, मग गोल करून बसायचे, पाय पसरून चवडे पकडायचे, मोठ्याने आकडे म्हणत प्रत्येक ताण बराच वेळ धरून ठेवायचा आणि उठल्याबरोबर लेअपच्या (धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकण्याच्या) दोन रांगा लावायच्या. या गोलात संघ एकत्र येत असे, गप्पा होत, नव्या मुली रुळत, आणि त्याचे मोल मला आजही वाटते. अडचण ताणाच्या लांबीची आणि जागेची होती. एकाच स्नायूला मिनिटभराहून अधिक काळ स्थिर ताण दिला, तर त्यानंतर काही काळ त्या स्नायूची ताकद आणि उडीची उंची किंचित घटते, हे या विषयावरील अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. ताण अर्ध्या मिनिटाच्या आतला असेल आणि त्यानंतर पुरेशी वेगवान हालचाल होणार असेल, तर हा परिणाम नगण्य राहतो. त्यामुळे स्ट्रेचिंगच वाईट, असा जो सरसकट निष्कर्ष हल्ली ऐकू येतो, तो मला पटत नाही. लांब, स्थिर ताणाची जागा सरावानंतर आहे, एवढेच खरे.

आमच्या फिटनेस प्रशिक्षक, ज्यांना आम्ही सगळ्या ताई म्हणतो, यांनी बदल सुचवण्याआधी मोजमापाचा आग्रह धरला. त्यासाठी महागडे उपकरण लागले नाही. भिंतीशेजारी उभे राहून खडू लावलेल्या बोटांनी आधी उभ्या-उभ्या आणि मग उडी मारून खूण करायची आणि दोन खुणांमधील अंतर टेपने मोजायचे. अमेरिकेतील डॉ. डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये मांडलेली ही चाचणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ताईंनी वेगवेगळ्या संध्याकाळी वेगवेगळे वॉर्मअप करून घेतले: एकदा नुसत्या फेऱ्या, एकदा फेऱ्या आणि लांब ताण, आणि एकदा फेऱ्यांनंतर हालत्या हालचाली व शेवटी मोजक्या जोरदार उड्या. वेळ मात्र दर वेळी तीच ठेवली, कारण माणसाची उडी सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त भरते आणि वेळ बदलली तर तुलनेला अर्थ उरत नाही. आमच्यापैकी बहुतेकींची सर्वांत खालची खूण लांब ताणानंतरची होती आणि सर्वांत वरची खूण शेवटच्या पद्धतीची होती. फरक दोन बोटांचा. रिबाउंडला चेंडू बोटांच्या टोकावर लागून निसटतो की हातात येतो, हे दोन बोटांवरच ठरते, त्यामुळे तो फरक पाहिल्यावर कोणालाच वेगळे पटवून द्यावे लागले नाही.

या फरकामागचे कारण ताईंनी समजावून सांगितले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. स्नायूला आपली संपूर्ण ताकद उभी करायला साधारण ३०० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, आणि बास्केटबॉलमधील बऱ्याच हालचालींना तेवढा वेळच मिळत नाही. धावत येऊन एका पायावर लेअपसाठी उडी घेताना पाय जमिनीवर सेकंदाच्या पाव भागापेक्षाही कमी काळ टेकतो. म्हणजे पायात एकूण ताकद किती आहे, यापेक्षा त्या क्षणभरात तिचा किती वाटा वापरता येतो, हे उडीच्या दृष्टीने निर्णायक ठरते. वॉर्मअपचे खरे काम हा वाटा वाढवणे हे आहे, आणि त्यासाठी स्नायू तापलेला, सांधा मोकळा आणि मज्जासंस्था सावध असावी लागते, पण पाय दमलेले असता कामा नयेत. ही शेवटची अट सर्वांत जास्त वेळा मोडली जाते.

नव्या मांडणीचा सांगाडा ब्रिटिश प्रशिक्षक इयान जेफ्रीज यांनी २००७ मध्ये मांडलेल्या रॅम्प या क्रमावर आधारलेला होता. आधी शरीराचे तापमान वाढवायचे, मग ठरावीक स्नायू जागे करायचे, सांधे हालचालीतून मोकळे करायचे आणि शेवटी वेगवान, जोरकस हालचालींनी ताकद चेतवायची, असा तो क्रम आहे.

तापमानाचा भाग मला आधी अगदीच साधा वाटत होता, परंतु त्यावर बाकी सगळे उभे आहे. स्नायूचे तापमान एका अंशाने वाढले, तर झटपट ताकदीच्या हालचालीत साधारण २ ते ५ टक्के सुधारणा होऊ शकते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला कोर्टावर यायचे, तर हवेचे तापमान अनेकदा १० ते १२ अंशांच्या आसपास असते, आणि सिमेंटचा कोर्ट त्याहून गार लागतो. अशा दिवशी आम्ही हा टप्पा आठ-दहा मिनिटांपर्यंत लांबवतो आणि कपाळावर घाम दिसेपर्यंत अंगावरचे जॅकेट काढत नाही. मे महिन्यातील संध्याकाळी तोच टप्पा चार मिनिटांत उरकतो, कारण तेव्हा अंग तापवण्यापेक्षा दमू न देणे महत्त्वाचे असते. संथ फेऱ्यांच्या जागी दोरीच्या उड्या, बचावाच्या पवित्र्यात आडव्या सरकत्या चाली, उलटे धावणे आणि चालत्या-पळत्या पासिंगचे प्रकार आले. यात दिशा बदलते, घोटे आणि खुबे सर्व बाजूंनी वापरले जातात आणि चेंडूही हातात राहतो, म्हणून कंटाळा येत नाही.

स्नायू जागे करण्याच्या आणि सांधे मोकळे करण्याच्या भागावर फार लिहिण्यासारखे नाही. गुडघ्यांच्या वर छोटा रबर बँड अडकवून आडवी पावले टाकणे, एका पायावर पुढे झुकून नितंब आणि मांडीच्या मागच्या बाजूवर भार घेणे, लांब पाऊल टाकून धड वळवणे, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून घोटा मोकळा करणे, एवढे पाच मिनिटांत होते. घोट्याच्या या शेवटच्या प्रकारात कोणीही घाई करू नये, असे मी आवर्जून सांगेन. ज्यांचा पाय कधी ना कधी मुरगळलेला असतो, आणि बास्केटबॉलमध्ये असा पाय नसलेली खेळाडू विरळाच, त्यांचा घोटा एका बाजूला आखडलेला राहतो. मग उडीपूर्वी खाली बसताना टाच लवकर उचलली जाते आणि खुब्याचा जोर वापरलाच जात नाही. आमच्या संघातील दोघी लहानपणी तालमीत बैठका काढत वाढल्या, आणि त्यांचे खुबे व घोटे आम्हा सगळ्यांपेक्षा मोकळे आहेत, हे पहिल्याच दिवशी दिसले. वॉर्मअपमध्ये मात्र बैठकांची संख्या ताईंनी सहा-आठच्या पुढे जाऊ दिली नाही. हळू खाली जायचे आणि झपकन वर यायचे. शंभर बैठकांचा व्यायाम उत्तम असला, तरी तो उडीच्या आधी करायचा नाही.

खरा बदल घडला तो उड्यांच्या टप्प्यात, आणि त्याची सुरुवात उडीने न होता जमिनीवर उतरण्याने झाली. हात वर करून चवड्यांवर उभे राहायचे आणि झटक्यात अर्ध्या बैठकीत येऊन तिथेच थिजायचे. गुडघे आत झुकता कामा नयेत, टाचा जमिनीला हलक्या टेकलेल्या हव्यात आणि छाती समोर हवी. स्त्री खेळाडूंमध्ये गुडघ्याला स्थिर ठेवणाऱ्या एसीएल या अस्थिबंधाच्या दुखापतीचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक असते, आणि उतरताना आत झुकणारा गुडघा हा त्यातील एक मोठा धोका मानला जातो. फुटबॉलसाठी २००६ मध्ये तयार झालेला ‘फिफा ११ प्लस’ हा वॉर्मअप इटलीतील पुरुष बास्केटबॉलपटूंवर वापरून पाहिला गेला, तेव्हा दुखापती कमी झाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्यातही उडी मारून नीट उतरण्याचा भाग आहे. उतरण्याच्या सरावाने पुढच्या उडीलाही मदत होते, हे मात्र मला स्वतः केल्यावरच कळले. खाली येणारे शरीर ज्या वेगाने थांबवता येते, त्याच वेगाने ते पुन्हा वर फेकता येते.

त्यानंतर घोट्यांच्या उड्या. गुडघे जवळजवळ सरळ ठेवून चवड्यांवर चटचट उसळायचे, जणू जमीन तापलेली आहे. पाय टेकताच पोटरीचा स्नायू आणि टाचेमागील कंडरा ताणली जाते, त्या ताणात ऊर्जा साठते, आणि लगेच उसळी घेतली तर ती परत मिळते. जमिनीवर रेंगाळले, तर ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पाव सेकंदाच्या आत पाय सुटला पाहिजे, असे गणित असले, तरी कोर्टावर घड्याळ लावून ते मोजता येत नाही. ताई आमच्याकडे पाठ करून उभ्या राहत आणि नुसता आवाज ऐकत. आवाज जड झाला की म्हणत, “बास, थांब. आता नुसती दमतेयस.” कोणाचा आवाज बिघडला, हे त्यांना न वळता कळत असे. पुढे आम्हालाही आपला स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि उड्यांची संख्या ठरवून मोजण्यापेक्षा हा निकष मला अधिक भरवशाचा वाटतो.

एका पायाच्या तयारीसाठी ताईंनी लंगडी आणली. उजव्या हाताने लेअप करणारी खेळाडू डाव्या पायावरून उडते, आणि लंगडी घालताना एकाच पायाच्या घोट्यावर, गुडघ्यावर आणि खुब्यावर जो भार येतो, तो या उडीच्या अगदी जवळचा आहे. फ्री थ्रोच्या रेषेपासून बेसलाइनपर्यंत (रिंगमागच्या सीमारेषेपर्यंत) एका पायावर जायचे आणि परतताना दुसऱ्या पायावर यायचे. लहानपणापासून प्रत्येकीचा लंगडीचा एक पाय ठरलेला असतो, आणि दुसऱ्या पायावर अंतर कापताना लागणाऱ्या जास्तीच्या पावलांतून दोन पायांतील तफावत ताबडतोब समोर येते. माझ्या उजव्या पायाचे काम त्यामुळेच व्यायामशाळेच्या यादीत आले.

दुसरी गोष्ट खो-खोतील उठणीची. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्यातच, डेक्कन जिमखान्यात, पहिल्यांदा आखले गेले, आणि पुण्यातील शाळेत शिकलेल्या मुलीला ‘खो’ ऐकताच उठून सुटणे शिकवावे लागत नाही. बसलेल्या अवस्थेतून आवाज ऐकताच उठायचे आणि तीन-चार पावले पूर्ण जोराने टाकायची. स्थिर अवस्थेतून जोर काढणे, आवाजाला प्रतिसाद देणे आणि खुब्याने शरीर पुढे लोटणे, या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात. परदेशी पुस्तकांतील अनेक नावाजलेल्या प्रकारांपेक्षा आमच्या संघाला हा प्रकार अधिक लागू पडला.

शेवटी पूर्ण जोराच्या उड्या. हातांचा झोका घेऊन जागेवरून दोन-तीन, आणि मग दोन पावलांच्या धावेने जाळीला हात लावण्यासाठी दोन-तीन. रिंगची उंची ३.०५ मीटर असते आणि जाळीचे खालचे टोक सुमारे २.६ मीटरवर येते, त्यामुळे माझ्यासारख्या बुटक्या गार्डलाही हे लक्ष्य खरे वाटते. डोळ्यांसमोर गाठायची वस्तू असली की माणूस अधिक उंच उडतो. प्रत्येक उडीनंतर वीस-तीस सेकंद नुसते उभे राहायचे, ही सर्वांना सर्वांत अवघड गेलेली गोष्ट. उभे राहणे म्हणजे आळस, अशी आपल्याकडील सरावाची समजूत आहे, आणि आमच्या मुख्य प्रशिक्षक सरांनाही सुरुवातीला मुली उभ्या दिसल्या की चैन पडत नसे. परंतु विश्रांतीविना मारलेली चौथी-पाचवी उडी पहिलीपेक्षा खाली जाते, आणि शरीर मग त्या खालच्या उडीचाच सराव करते. सिमेंटच्या कोर्टावर सर्व प्रकार धरून २५-३० वेळांपेक्षा जास्त पाय आपटू द्यायचे नाहीत, हीही मर्यादा आम्ही पाळली.

व्यायामशाळेत आम्ही आणखी एक प्रयोग केला. जड वजनाची बैठक काढल्यानंतर काही मिनिटांनी उडी वाढते, असे मानले जाते. आधीच्या जोरकस आकुंचनामुळे स्नायूतील प्रथिने पुढच्या आकुंचनाच्या संदेशाला अधिक तत्परतेने प्रतिसाद देतात, शिवाय स्नायूचे तापमान आणि चेतातंतूंची सज्जताही वाढलेली असते. त्याच वेळी थकवाही आलेला असतो. थकवा आधी ओसरतो आणि सज्जता काही काळ टिकते, त्या मधल्या पट्टीत उडी मारायची असते. आमची सेंटर (रिंगजवळ खेळणारी खेळाडू) स्वतःच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक वजन घेऊन बैठक काढते. तिने जड वजनाच्या तीन बैठका काढल्यावर सहा-सात मिनिटांनी मारलेल्या उडीची खूण नेहमीपेक्षा वर गेली. माझी खूण जागची हलली नाही, आणि दोन-तीन मिनिटांनी उडी मारली तर ती खालीच आली. बलवान खेळाडूंना या पद्धतीचा लाभ अधिक होतो, हे अभ्यासांतही दिसते, म्हणून मी आधी बैठकीतील ताकद वाढवण्यावर भर दिला. सामन्याच्या ठिकाणी वजने मिळत नाहीत, हे वेगळेच. तिथे सेंटरसाठी आम्ही सुमारे ३० सेंटीमीटर उंचीच्या बाकावरून उतरून लगेच वर उसळण्याच्या दोन उड्या ठेवल्या. ही पद्धत सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. ती वर्षभर ताकद कमावलेल्या खेळाडूसाठीच आहे, आणि बाकी मुलींना ताईंनी ती करू दिली नाही.

सामन्याच्या दिवशी हे सगळे क्रमाने होईलच, याची शाश्वती नसते. स्पर्धेत आधीचा सामना लांबतो आणि कोर्ट मिळतो तेव्हा लेअपच्या रांगांपुरताच वेळ उरलेला असतो. त्यामुळे तापमान वाढवण्याचा आणि सांधे मोकळे करण्याचा भाग आम्ही कोर्टाबाहेर, पॅसेजमध्ये किंवा पार्किंगच्या मोकळ्या जागेत उरकतो, आणि कोर्टावर पाऊल टाकल्यावर फक्त वेगवान भाग करतो. शेवटची जोरदार उडी आणि सामन्याची सुरुवात यांत पाच मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू नये, याकडे कर्णधार लक्ष देते. खेळाडूंची ओळख करून देण्याचा कार्यक्रम असेल, तर जॅकेट घालूनच उभे राहायचे.

माझ्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित प्रश्न बेंचचा आहे. राखीव खेळाडू पहिले सत्र बसून काढते, तेव्हा तिने कमावलेली ऊब जवळजवळ निघून गेलेली असते, आणि तिच्याकडून मैदानात उतरताच रिबाउंडची अपेक्षा असते. फुटबॉलमधील निरीक्षणांत १५ मिनिटांच्या मध्यंतरात मांडीच्या स्नायूचे तापमान दीड-दोन अंशांनी उतरल्याचे आणि मध्यंतरात हलका वॉर्मअप केल्यास धावण्याचा वेग टिकल्याचे दिसले आहे. बास्केटबॉलमधील मध्यंतरही तेवढेच असते. आता सर आपले बोलणे आठ-नऊ मिनिटांत संपवतात आणि आम्ही उरलेल्या वेळात आडव्या चाली, दोन खो-खोच्या उठण्या आणि दोन पूर्ण उड्या करूनच तिसऱ्या सत्राला उभ्या राहतो. बेंचवरील मुली मांडीवर जॅकेट पांघरतात, बसल्या जागी रबर बँड ताणतात आणि पंचांची हरकत नसेल तर बेंचमागे चवड्यांवर उसळ्या घेतात. पूर्वी आम्ही तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला मागे पडत असू, आणि सरांना त्याचे कारण नेहमी एकाग्रतेत दिसत असे. ते काही अंशी पायांत होते, असे मला आता वाटते.

क्लबमध्ये १४ वर्षांखालील मुलीही येतात. भारतीय महिला संघाच्या कर्णधार राहिलेल्या शिरीन लिमये पुण्याच्याच असल्यामुळे त्या मुलींची स्वप्नेही मोठी आहेत, आणि मोठ्या ताया करतात ते सगळे त्यांना आजच करायचे असते. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखणे सहज सुरू होते, म्हणून त्यांना उंचीवरून उतरून उसळण्याचे प्रकार दिलेले नाहीत. दोरी, लंगडी, खो-खोची उठणी आणि नीट उतरणे यांतच त्यांचा वॉर्मअप पूर्ण होतो, आणि लंगडीत त्या आमच्यातील कोणालाही हरवतात. या हंगामात आम्ही खडूची चाचणी बेंचवरून उठणाऱ्या खेळाडूंसाठी सुरू केली आहे: पाच, दहा आणि पंधरा मिनिटे बसल्यानंतर कोणाची उडी किती उतरते, याची प्रत्येकीची वेगळी नोंद ठेवायची, आणि बदली खेळाडूला किती मिनिटे आधी उठवायचे, हे त्यावरून सरांना लिहून द्यायचे.